एकच विमान, टेकऑफ वजनाचे आकडे मात्र अनेक

मागच्या अंकात एका उत्तरात जाता जाता लिहिलं होतं की एकाच मॉडेलची दोन मोठी विमानं शेजारी शेजारी उभी असली, दिसायला अगदी सारखी असली, तरी त्यांचं कमाल टेकऑफ वजन म्हणजे एमटीओडब्ल्यू वेगवेगळं असू शकतं. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आलीत की यावेळचं अख्खं सदर त्यालाच देतेय. लोडिंगचा हिशेब हे माझं रोजचं काम, त्यामुळे या विषयावर कोणी विचारलं की मला आवरतं घेता येत नाही, तेव्हा उत्तरं जरा लांबलीत.

प्रश्न : नमस्कार ताई, मी एरोनॉटिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एअरबस ए३३०-९०० चं एमटीओडब्ल्यू एका ठिकाणी २४२ टन दिलंय, दुसरीकडे २५१ टन. नक्की कुठलं धरायचं?

दोन्ही बरोबर आहेत, फक्त कुठल्या विमानाचं विचारतोयस ते आधी सांगावं लागेल. ट्रकचं पासिंग असतं ना, गाडी किती टनाला पास आहे ते कागदावर लिहिलेलं असतं आणि तेवढंच वजन घेऊन ती रस्त्यावर आणता येते, तसंच हे. एमटीओडब्ल्यू म्हणजे आज विमान किती जड आहे ते नाही, ब्रेक सोडून धावायला लागताना ते जास्तीत जास्त किती जड असायला परवानगी आहे ते. आणि ही परवानगी एकाच मॉडेलला अनेक आकड्यांची मिळालेली असते, एअरलाइन त्यातला आपल्याला हवा तो आकडा विकत घेते. एअरबसकडे याला वेट व्हेरियंट म्हणतात, प्रत्येक व्हेरियंटला नंबर असतो आणि त्या नंबरासोबत एकटं टेकऑफ वजन येत नाही, लँडिंगचं कमाल वजन, टॅक्सीचं म्हणजे जमिनीवर चालतानाचं कमाल वजन आणि इंधन सोडून बाकीचं कमाल वजन असा पूर्ण संच येतो.

ए३३०-९०० आधी २४२ टनाचं होतं. २०२० मध्ये २५१ टनाला मान्यता मिळाली आणि पुढच्या वर्षी कोर्सेर या फ्रेंच एअरलाइनकडे तसं विमान गेलं. या घराण्याचा प्रवास बघण्यासारखा आहे, ए३३०-३०० १९९४ मध्ये सेवेत आलं तेव्हा ते २१२ टनाचं होतं, मग थोडं थोडं करत २३३, २३५, २४२ आणि पुढे नव्या इंजिनांसह २५१, म्हणजे मूळ रचना तीच ठेवून जवळजवळ ४० टन वाढवले. ए३५०-९०० चंही तसंच, सुरुवात २६८ टनाने झाली आणि पुढे २७५, २८०, २८३ पर्यंत गेलं. बोइंगमध्ये ७७७-२०० चं अगदी पहिलं रूप साधारण २४७ टनाचं, त्याच लांबीचं ७७७-२००ईआर २९७ टनापर्यंत आणि २००एलआर तर ३४७ टनाच्याही वर. फक्त तिथे पंख, इंजिनं, लँडिंग गिअर म्हणजे चाकांचा सांगाडा असं बरंच काही बदललं होतं, म्हणून नावही बदललं. परीक्षेत आकड्याच्या आधी 'या व्हेरियंटसाठी' एवढे दोन शब्द लिही, उत्तर पक्कं होईल.

प्रश्न : मी हिशेब तपासण्याचं काम करते. माझा साधा प्रश्न, जास्त वजनाची परवानगी मिळत असताना कोणी कमी वजनाची का घेईल? जास्त असलेली काय वाईट?

वाईट काहीच नाही, पण त्याचा भुर्दंड रोज बसतो. हा आकडा एकदा कागदावर चढला की जगभरात बिलं त्याच्यावरच निघतात. बहुतेक विमानतळांवर लँडिंगचे चार्जेस एमटीओडब्ल्यूवर असतात, विमान त्या दिवशी अर्धं रिकामं आलं तरी कोणी विचारत नाही. एखाद्या देशाच्या वरून उडून जाण्याचे पैसे लागतात तेही वजनाशी बांधलेले असतात.

युरोपातलं सूत्र तुम्हाला आवडेल म्हणून देते. तिथे हे चार्जेस गोळा करणारी संस्था युरोकंट्रोल किलोमीटरमधलं अंतर १०० ने भागतं, टनातलं एमटीओडब्ल्यू ५० ने भागून त्याचं वर्गमूळ काढतं, दोघांचा गुणाकार करून त्याला त्या त्या देशाच्या दराने गुणतं. आता २४२ टनाचं विमान घ्या, २४२ भागिले ५० म्हणजे ४.८४, वर्गमूळ बरोबर २.२. तेच विमान १९९ टनावर नोंदवलं तर वर्गमूळ येतं १.९९ च्या आसपास. म्हणजे त्याच हवेतून तेवढंच अंतर कापून बिलात नऊ टक्क्यांहून जास्त फरक, आणि तोही प्रत्येक फेरीला, विमान वीस-पंचवीस वर्षं उडणार असेल तर वीस-पंचवीस वर्षं. वर्गमूळ असल्यामुळे फरक जरा सौम्य होतो, जिथे लँडिंग चार्ज थेट टनामागे लावतात तिथे तो सरळ सरळ अंगावर येतो.

१९९ चा आकडा मी उगाच नाही घेतला. एअरबसने २०१३ मध्ये ए३३०-३०० चं रीजनल रूप जाहीर केलं ते १९९ टनाचंच होतं, दोन-चार तासांच्या गर्दीच्या रूटसाठी, चारशेपर्यंत प्रवासी बसतील असं, इंजिनांचा जोरही कमी करून दिलेला. सौदी अरेबियाच्या सौदिया एअरलाइनने ती घेतली, पहिलं २०१६ मध्ये मिळालं. त्याच्याही खूप आधी जपानमध्ये देशांतर्गत उड्डाणांसाठी ७४७-४००डी आलं, साडेपाचशेच्या वर माणसं बसायची पण टेकऑफ वजन साधारण २७२ टन, जेव्हा नेहमीचं ७४७-४०० जवळजवळ ३९७ टनाला पास होतं! एवढ्या मोठ्या विमानात इंधनच थोडं भरायचं तर सव्वाशे टनांची परवानगी कशाला विकत घ्यायची?

शिवाय विकत घेणं म्हणतेय ते शब्दशः आहे, वरचा आकडा हवा तर विमान बनवणाऱ्या कंपनीला पैसे मोजावे लागतात. आणि तुमच्या हिशेबात न दिसणारा अजून एक खर्च आहे, लँडिंग गिअरच्या काही भागांचं आयुष्य ठरलेलं असतं, इतकी उड्डाणं झाली की काढून टाकायचे, आणि ती संख्या वेट व्हेरियंटप्रमाणे बदलते. जड व्हेरियंटवर तेच भाग लवकर बाद होऊ शकतात.

तरीही बऱ्याचदा लोक जास्तच घेतात, त्यामागे पुढचा विचार असतो. विमान भाड्याने देणाऱ्या कंपन्यांना पुढचा गिऱ्हाईक कोण येईल ते माहीत नसतं, म्हणून त्यांना वरच्या आकड्याची सोय हवी असते आणि विमानाची किंमत ठरवतानाही तो आकडा बघितला जातो. माझं मत विचाराल तर स्वतःच्या रूटचा नकाशा समोर ठेवून निवड करणं केव्हाही चांगलं, कारण 'असू दे, लागेल कधीतरी' म्हणून घेतलेले टन वर्षानुवर्षं नुसते बिलात दिसतात.

प्रश्न : सर्वात जास्त वजन २५४ टन असं दिलेलं असेल तर पूर्ण प्रवासी, पूर्ण कार्गो आणि टाक्या फुल्ल असं सगळं मिळून २५४ होतं का? की प्रत्येकाचं वेगळं असतं?

या प्रश्नासाठी मनापासून आभार, कारण सगळा विषय इथेच उलगडतो. बोइंग ७८७-९ घेऊ, एमटीओडब्ल्यू २५४ टन. रिकामं विमान ढोबळमानाने १२९ टन, एअरलाइन सीट्स, किचन, पाणी, क्रू असं सगळं घालते तेव्हा प्रत्यक्षात याहून बरंच जास्त भरतं पण आपण गणितासाठी १२९ धरू. इंधन सोडून बाकी सगळं मिळून कमाल १८१.४ टन चालतं, म्हणजे माणसं आणि माल धरून साधारण ५२ टन. टाक्या सव्वा लाख लिटरच्या थोड्या वर, म्हणजे वजनात १०१ टन. आता करा बेरीज, १२९ अधिक ५२ अधिक १०१ म्हणजे २८२. परवानगी २५४ ची! २८ टन जास्त झाले.

मग काय सोडायचं? ७८७-९ मध्ये २९० माणसं बसली, बॅगांसकट माणशी १०० किलो धरले तर २९ टन झाले, २५४ मधून १२९ आणि २९ वजा केले की ९६ टन इंधन भरता येतं, म्हणजे टाक्या जवळजवळ भरल्या. विमान अशा बेताने बनवलंय की भरगच्च प्रवासी घेऊन लांबवर जाता यावं. पण खाली कार्गो घ्यायला लागलात की प्रत्येक टनामागे एक टन इंधन कमी, आणि पूर्ण ५२ टन चढवलेत तर इंधनाला उरतात ७३ टनांच्या आत. जवळ जायचं असेल तर काहीच अडत नाही, लांब जायचं असेल तर माल धक्क्यावर राहतो.

आता ७८७-१० बघा. साडेपाच मीटर लांब, रिकामं वजन साडेसहा टनांनी जास्त, आणि एमटीओडब्ल्यू? तेच २५४. बोइंगने तो आकडा मुद्दाम तसाच ठेवला म्हणजे पंख आणि बाकीची रचना तीच वापरता आली. ३३० माणसांचे ३३ टन धरले की इंधनाला उरतात साधारण साडेपंच्याऐंशी, म्हणजे ७८७-९ पेक्षा दहा टन कमी आणि ओढायचं विमान जास्त जड. म्हणून ७८७-९ साधारण १४ हजार किलोमीटर जातं असं सांगतात तिथे ७८७-१० १२ हजारांच्या थोडं आतच थांबतं. टाक्या तेवढ्याच मोठ्या आहेत, भरायला परवानगी पुरत नाही.

आणि उलट टोकाचं उदाहरण म्हणजे सिंगापूर एअरलाइन्सचं ए३५०-९००यूएलआर, २०१८ पासून सिंगापूर ते न्यूयॉर्क थेट जाणारं, अठरा तासांच्या आसपासचं उड्डाण. त्याचं एमटीओडब्ल्यू २८० टन आणि इंधनाची क्षमता १ लाख ६५ हजार लिटर, म्हणजे वजनात १३२ टनांच्या जवळपास. निम्म्याला थोडंसंच कमी विमान नुसतं इंधन! म्हणून त्यात सीट्स फक्त १६१ ठेवल्या आणि पुढचा कार्गो होल्ड वापरातून काढला. आकडा ठरलेला असला की त्याच्या आत काय बसवायचं एवढंच आपल्या हातात राहतं, आणि मला या कामातलं सगळ्यात जास्त आवडतं ते हेच.

प्रश्न : ताई, २४२ वरून २५१ म्हणजे ९ टन वाढले, तर ९ टन जास्त माल नेता येईल असं समजायचं का?

लांबच्या रूटवर तसं होत नाही. जास्तीचं वजन वाहून न्यायलाही इंधन लागतं, ते इंधनही त्याच ९ टनातून जातं. आमच्याकडे ढोबळ नियम असा की जास्तीच्या वजनाच्या तीन टक्के दर तासाला जळतात, बारा तासांच्या उड्डाणात ९ मधले तीन टन असेच जातात आणि पदरात सहा पडतात. एअरबसही या वाढीचा फायदा सहा टन पेलोड म्हणजे माणसं आणि माल, किंवा साधारण १,२०० किलोमीटर जास्तीचा पल्ला असाच सांगते, दोन्हीपैकी एक, दोन्ही एकदम नाही.

अजून एक गोष्ट इथेच सांगते कारण पुष्कळ जण फसतात. इंधन सोडून बाकीच्या वजनाची जी मर्यादा असते ती वेगळी का, तर पंखातलं इंधन पंखाला खाली दाबून ठेवतं आणि हवेने वर उचलल्यामुळे पंखाच्या मुळाशी येणारा ताण कमी करतं, पण मधल्या धडात भरलेलं वजन तसं काही करत नाही, उलट ताण वाढवतं. त्यामुळे टेकऑफ वजन वाढवून घेतलं तरी धडात भरायचं वजन तेवढंच राहू शकतं, काही व्हेरियंटमध्ये तर एक वाढवताना दुसरं थोडं खाली आणलेलं असतं. जवळच्या रूटवर भरपूर माल न्यायचा असेल तर नुसता एमटीओडब्ल्यू बघून विमान निवडलं की पैसे भलत्याच ठिकाणी गेले समजा.

प्रश्न : आकडा वाढवताना विमानात खरंच काही बदलतात की नुसती सही-शिक्क्याची गोष्ट आहे?

दोन्ही प्रकार आहेत. विमान ज्या वजनाला मजबूत बनवलंय त्याच्या आत राहून वर-खाली करायचं असेल तर बहुतांश कागदांचं काम, फ्लाइट मॅन्युअलची पानं बदलतात, मेंटेनन्सच्या मर्यादा बदलतात, टायरमधली हवा बदलावी लागू शकते, कॉकपिटमधल्या कॉम्प्युटरना नवीन आकडे द्यावे लागतात. पण कंपनीने सिद्ध केलेल्या वजनाच्या पलीकडे जायचं तर नवीन हिशेब, नवीन चाचण्या, लँडिंग गिअर आणि पंखाच्या रचनेत सुधारणा लागते, आणि जुन्या विमानांना ते मागाहून मिळेलच असं नाही. म्हणून वापरलेलं विमान घेताना त्याच्या मॉडेलचा सर्वात मोठा आकडा बघून खूश होऊ नका, त्या सीरियल नंबरला किती मिळू शकतं ते विचारा.

प्रश्न : २५१ टनाची परवानगी आहे म्हणजे कुठल्याही विमानतळावरून २५१ टन घेऊन उडता येतं?

नाही. ही रचनेची मर्यादा झाली, त्या दिवशीची मर्यादा धावपट्टी, तापमान, वारा, उंची आणि पुढचे डोंगर ठरवतात, दोघांपैकी जी कमी ती पाळायची. मेक्सिको सिटीचा विमानतळ समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरच्या वर आहे, जोहान्सबर्ग जवळपास १,७०० मीटर, तिथे हवा विरळ, पंखांना उचल कमी आणि इंजिनांना जोर कमी, त्यात दुपारचं ऊन असेल तर बघायलाच नको. अशा ठिकाणी मुख्य तळ असलेल्या एअरलाइनने वरचा आकडा घेतला तरी तिकडून निघताना तो बऱ्याच वेळा हाताला लागत नाही, परतीच्या बाजूने मात्र उपयोगी पडू शकतो. म्हणून रूटच्या दोन्ही टोकांचा हिशेब वेगवेगळा करायचा असतो. धावपट्टीखालचा थर किती वजन सोसतो तेही बघावं लागतं, सहा चाकांच्या बोगी म्हणजे चाकांचे संच ७७७ आणि ए३५०-१००० ला दिल्यात त्या वजन पसरावं म्हणूनच.

प्रश्न : इतकं जड होऊन उडाल्यावर लगेच परत यायची वेळ आली तर? मला विमानात बसलं की हाच विचार येतो.

काळजी समजू शकते, म्हणून नीट सांगते. ७८७-९ उडताना २५४ टन असू शकतं आणि उतरण्याचं त्याचं नेहमीचं कमाल वजन आहे साधारण १९३ टन, म्हणजे मध्ये ६१ टनांचं अंतर, जे रोजच्या उड्डाणात वाटेत जळून जातं. मध्येच परत यायचं झालं तर काही विमानांना हवेत इंधन सोडायची सोय असते, नाहीतर घिरट्या घालून जाळता येतं. आणि खरोखर घाई असेल तर पायलट तसंच जड विमान उतरवू शकतात, आणि उतरवतातही. नियमातच ते धरलंय, लँडिंगच्या कमाल वजनाला विमान सेकंदाला १० फूट वेगाने खाली आदळलं तरी टिकलं पाहिजे आणि टेकऑफच्या वजनाला सेकंदाला ६ फूट. नेहमीचं लँडिंग याहून कितीतरी हळुवार असतं, सेकंदाला दोन-तीन फूट. जड उतरल्यावर विमानाची तपासणी होते आणि मगच ते पुन्हा उडतं. तुम्ही निवांत बसा.

प्रश्न : एकच विमान आज लांब आणि उद्या जवळ जात असेल तर रोज आकडा बदलून चार्जेस वाचवता येतील ना?

कल्पना चांगली आहे आणि तुमच्या आधीही लोकांना सुचलीय. एकाच विमानाला दोन किंवा जास्त आकडे मंजूर करून घेऊन गरजेप्रमाणे बदलायची सोय असते, कुठला आकडा लागू आहे ते मॅन्युअलमध्ये आणि कॉकपिटमध्ये स्पष्ट असावं लागतं, नाहीतर एका पानावर एक आणि लोडशीटवर म्हणजे उड्डाणाच्या वजनाच्या हिशेबावर दुसरंच असा घोळ होईल. पण पैशाच्या बाजूने युरोकंट्रोलने दार बंद केलंय, एकापेक्षा जास्त मंजूर वजनं असतील तर सर्वात मोठंच धरलं जातं. दुसरीकडे नियम वेगळे असू शकतात, म्हणून जिथे उतरायचं तिथलं टॅरिफ आधी वाचायचं आणि मगच बचतीचा आकडा साहेबांपुढे ठेवायचा. लँडिंग गिअरच्या आयुष्याचा हिशेबही दोन व्हेरियंटमध्ये वाटून ठेवावा लागतो, ते काम कमी नाही.

प्रश्न : मला डिस्पॅचमध्ये, म्हणजे उड्डाणाचं नियोजन करणाऱ्या विभागात करिअर करायचंय. हे आकडे खात्रीने कुठे बघायला मिळतील आणि सुरुवात कशी करू?

तुझ्यासारख्यांसाठी मुद्दाम शेवटी वेळ ठेवलाय. प्रत्येक मॉडेलचं टाइप सर्टिफिकेट डेटा शीट म्हणजे मान्यतेच्या तपशिलाचा कागद असतो, युरोपची ईएएसए आणि अमेरिकेची एफएए या मान्यता देणाऱ्या सरकारी संस्था तो आपल्या वेबसाइटवर फुकट ठेवतात, त्यात ए३३० चे सगळे वेट व्हेरियंट ओळीने सापडतील. दुसरं, एअरबस आणि बोइंग दोघंही विमानतळांच्या नियोजनासाठी प्रत्येक मॉडेलचं मोठं पुस्तक देतात, तेही फुकट, त्यात पेलोड-रेंजचा म्हणजे किती अंतराला किती माल नेता येतो त्याचा आलेख असतो. तो आलेख छापून घे. डावीकडून आडवी रेघ जाते तिथे धडाच्या वजनाची, म्हणजे इंधन सोडून बाकीच्या वजनाची मर्यादा लागू आहे. रेघ खाली वाकते त्या कोपऱ्यापासून एमटीओडब्ल्यूची मर्यादा सुरू, तिथून पुढे प्रत्येक किलोमीटरसाठी माल कमी करत जायचं. दुसऱ्या कोपऱ्यानंतर रेघ एकदम घसरते, तिथे टाक्या भरलेल्या असतात. बऱ्याच आलेखांवर वेगवेगळ्या टेकऑफ वजनांच्या तिरप्या रेघा शेजारी शेजारी काढलेल्या असतात. एक रूट घे, अंतर आडव्या अक्षावर खूण कर, सरळ वर जा आणि कुठल्या वजनाच्या रेघेला किती पेलोड मिळतं ते वाच. मग त्याच्या निम्म्या अंतराचा रूट घेऊन तेच कर, दोन रेघांमधला फरक कुठे नाहीसा होतो ते तुला स्वतःलाच दिसेल. आलेख वारा नाही असं धरून काढलेला असतो आणि राखीव इंधनाचे नियम खाली बारीक अक्षरात दिलेले असतात, ते आधी वाच.